जिन्यावर लिहिलेलं नाव

तुमच्या दाराचं फाटक, खिडकीची जाळी, गच्चीवर जाणारा लोखंडी जिना, यांतला एक तरी सांधा कोणाच्या हाताने जोडलेला आहे, हे तुम्हाला सांगता येईल? दुकानाचं नाव नको, ठेकेदाराचं नको. डोळ्यांपुढे काच धरून, गुडघे दुमडून ज्याने तो सांधा भरला, त्याचं नाव विचारते आहे. एकोणीस वर्षांची असताना मी हाच प्रश्न एका पत्रकात छापला होता आणि देवासच्या आमच्या कॉलनीत घरोघर दाराखालून सरकवला होता. प्रश्न खरा होता, आजही मी तो मागे घेत नाही. पण तो विचारण्याचा अधिकार मी महिनाभरातच गमावला. ते कसं झालं, ते मी आजवर कुठे लिहिलेलं नाही.

आमचं घर दोन खोल्यांचं. बाबा कोल्हापूरकडून कारखान्यातल्या नोकरीसाठी देवासला आलेले, लेथवर होते. पहिली पाळी संपवून आले की चहा पिऊन ते कामगार संघटनेच्या पत्रकांना बसायचे. कोपऱ्यात सायक्लोस्टाइलचं यंत्र होतं, त्याचा रूळ फिरू लागला की खडप खडप असा एकसुरी आवाज घरभर चालायचा आणि आईच्या पोळ्या त्याच तालावर लाटल्या जायच्या. छापलेले कागद वाळायला पलंगावर, कपाटावर, देव्हाऱ्याच्या फळीवर. पोळीवर कधीकधी शाईचा अंगठा उठलेला असे आणि आई म्हणायची, ही पोळी संघटनेची, ती बाबांच्या पानात वाढा. आई धारची. तिच्या माहेरची मंडळी पूर्वी दरबारात चाकरीला होती, त्यामुळे दारात आलेल्या दूधवाल्यालाही ती ‘यावं’ म्हणायची आणि धारहून मामा यायचे असले की पत्रकांच्या गठ्ठ्यावर चादर अंथरायची. रविवारी सकाळी पोहे, वर शेव आणि जिरावणाचा चटकदार मसाला. जिरावणाशिवायचे पोहे इस्पितळात देतात, असं बाबा वीस वर्षांनंतर अगदी माळव्यातल्या माणसासारखं म्हणायचे. मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवर. शाळा हिंदी, मराठी अक्षर घरातलं. ‘कमळ’ आणि ‘बदक’ यांच्या आधी मला ‘मागण्या’ हा शब्द वाचता येत होता.

पुढे माझं अक्षर चांगलं निघालं, तसं स्टेन्सिल कोरायचं काम माझ्याकडे आलं. मेणाच्या त्या निळ्या कागदावर टोकदार लेखणीने लिहायचं, म्हणजे अक्षराच्या जागी मेण निघतं आणि तिथून शाई झिरपते. चूक झाली तर एक लालसर औषध मिळायचं, छोट्या बाटलीत, झाकणालाच कुंचला. चुकीवर ते लावायचं, फुंकर मारायची, वाळलं की त्यावर पुन्हा लिहायचं. छापलेल्या कागदावर चुकीचा मागमूस राहत नसे. मी ते इतक्या वेळा केलं होतं की चूक आणि लाल रंग यांची माझ्या हाताला सवयच झाली होती. ही गोष्ट लक्षात ठेवा.

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा संपली त्या उन्हाळ्यात यंत्राच्या स्टँडचा पाय तुटला. तो मी सायकलच्या कॅरियरला बांधून गेंदालालच्या दुकानात नेला. गेंदालाल चाळिशीचा असेल, सगळा गाव त्याला गेंदाभिया म्हणायचा. रस्त्याच्या कडेला टिनाचं दुकान, समोर कडुनिंब, आत तेलात बुडलेलं वेल्डिंगचं मशीन गुरगुरत बसलेलं. मला तोंड फिरवायला सांगून त्याने पाय जोडला. मी तोंड फिरवलं नाही, तिरक्या नजरेने पाहिलं. लोखंड पाण्यासारखं हलतं हे मला त्याआधी कोणी सांगितलं नव्हतं. पाय घेऊन घरी न जाता मी तिथेच त्याला म्हटलं, मला शिकवा. तो हसला नाही, याचं मला आजही अप्रूप वाटतं. त्याने एकच विचारलं.

“शौक है कि रोजी?”

“शौक,” मी म्हटलं.

“तो फिर आराम से सीखो। जल्दी रोजीवालों को होती है।”

घरी आईने विरोध केला. डोळे जातील, हात भाजतील, धारला काय सांगू, अशी तिची तीन कारणं. बाबांची पंचाईत झाली, कारण स्त्रियांना कोणतंही काम वर्ज्य नाही असं त्यांचंच पत्रक मी आदल्या मार्चमध्ये स्वतः कोरलं होतं. मी ते त्यांच्या ताटाशेजारी ठेवलं. ते वाचत वाचत जेवले आणि शेवटी म्हणाले, ओढणी घरी ठेवून जा, पेटते.

पहिले आठ दिवस माझी वेल्डिंगची कांडी लोखंडाला चिकटण्याशिवाय दुसरं काही करत नव्हती. ठिणगी पाडायला जावं तर ती तिथेच रुतून बसायची आणि लाल होत जायची, मग गेंदाभिया होल्डर झटकून सोडवायचा. शेजारचा पंक्चरवाला रोज विचारायचा, काय भिया, आज किती कांड्या लावल्या, म्हणजे रोपं लावल्यासारख्या. एकदा काच धरण्याआधीच मी कांडी टेकवली आणि संध्याकाळी डोळ्यांत वाळू भरल्यासारखं झालं. आईने बटाटा किसून फडक्यात बांधून डोळ्यांवर ठेवला. दुसऱ्या दिवशी डबा दोघांचा दिला. गेंदाभिया मक्याची रोटी आणि लसणाची चटणी आणायचा. आईची आमटी त्याने चाखली आणि दाळीत गूळ घालणाऱ्या लोकांबद्दल आपलं मत राखून ठेवलं. पावसाळ्यात आईने भुट्ट्याचा कीस दिला तेव्हा मात्र डबा बोटाने पुसला.

महिनाभरात माझी रेघ सरळ पडू लागली. सपाट पट्टीवर ती अशी दिसायची की बघत बसावं, नाण्यांची चळत आडवी केल्यासारखी. मी खूश झाले की गेंदाभिया ती पट्टी चिमट्यात धरून दगडावर आपटायचा आणि दोन तुकडे माझ्यापुढे ठेवायचा. “चिपका है, जुड़ा नी है,” तो म्हणायचा. करंट कमी ठेवला की लोखंड वरवर बसतं, आत शिरत नाही, पण दिसायला फार सुंदर दिसतं. पातळ लोखंडाला भोक पडेल या भीतीने नवशिका नेहमी करंट कमी ठेवतो. म्हणून त्याच्या दुकानाचा एक नियम होता. सांधा गार होऊ द्यायचा, टोकदार हातोडीने वरची काळी खपली पूर्ण काढायची, मग मोठ्या हातोडीने ठोकून कान द्यायचा. जुडलेला सांधा टणकन वाजतो, चिकटलेला फुटक्या माठासारखा. हे झाल्याशिवाय रंगाचा डबा उघडायचा नाही.

त्या वर्षी आमच्या मराठी मंडळाने गणेशोत्सवाच्या रंगमंचासाठी उचलून नेता येईल असा लोखंडी जिना करायचं ठरवलं. जुना लाकडी डगमगत होता. काम गेंदालालला मिळालं, कारण कॉलनीतली निम्मी फाटकं त्याचीच होती. मी फुलून गेले. मंडळात भिंतीवर देणगीदारांच्या नावांच्या संगमरवरी पाट्या होत्या, पंख्याच्या पात्यांवरसुद्धा नावं होती. ज्यांनी ते बसवलं त्यांचं नाव कुठेच नव्हतं. मी पत्रक लिहिलं, सुरुवातीला सांगितलं तेच, आणि चिटणिसांशी हुज्जत घालून परवानगी मिळवली की जिन्यावर कारागिराचं नाव लिहिलं जाईल. गेंदाभियाला सांगितलं तर तो म्हणाला, नाम-वाम मत डालो बेटा, गाव को मालूम है। मी त्याला श्रमाच्या प्रतिष्ठेवर पाच मिनिटं ऐकवलं. तो ऐकता ऐकता पाइप कापत होता.

गणपतीला चार दिवस राहिले असताना त्याला खातेगांवला जावं लागलं. सोयाबीनच्या हंगामाआधी तिकडची थ्रेशरं तो दर वर्षी दुरुस्त करून द्यायचा, ती त्याची ठरलेली घरं होती. जिना जवळजवळ झाला होता. वरून दुसऱ्या पायरीखालचे चार सांधे राहिले होते. मी येऊन करतो, तू तोवर बाकीच्यांच्या खपल्या काढ, असं सांगून तो गेला.

त्या दुपारी मी ते चार सांधे भरले. कोणी सांगितलं नव्हतं, घाई कसलीच नव्हती, त्याला यायला दोन दिवस होते आणि स्थापनेला चार. मला फक्त तो आल्यावर म्हणायचं होतं की झालं. दोन सांधे वरून होते, ते बरे जमले. दोन खालून होते, तिथे मान वाकडी करून भरावं लागतं आणि ठिणग्या मनगटावर पडतात. मी करंट कमी केला. रेघ पडली, जरा वेडीवाकडी, पण पडली. खपली काढायला हातोडी लावली तर खाचेत ती निघेना आणि थोडी निघाली तिथे मला एक बारीक काळी फट दिसली. मी तिच्याकडे पाहिलं. मग रेड ऑक्साइडचा डबा उघडला आणि कुंचल्याने तिच्यावर लाल रंग लावला आणि, हे मला स्पष्ट आठवतं, वाकून फुंकर मारली.

रंग वाळल्यावर बाजूच्या अँगलवर पांढऱ्या एनॅमलने मी माझ्या उत्तम अक्षरात लिहिलं: ‘काम: गेंदालाल’. स्वतःचं नाव लिहिणं मला आत्मप्रौढी वाटली.

तो परतला त्या सकाळी मंडळाचा टेम्पो जिना घेऊन गेलाही होता. त्याने विचारलं, ठोक के देखा था? मी हो म्हटलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग मशीनकडे वळला. विश्वास ठेवला. मी त्याची चार महिन्यांची चेली होते, न ठेवायला त्याला काही कारण नव्हतं.

स्थापनेच्या आदल्या दुपारी गाण्याची तालीम होती. कमलकाकू पेटी वाजवायच्या. देवासच्या किती तरी मराठी पोरांना मराठी गाणं आलं ते त्यांच्या ओसरीवर, हिंदी शाळेतून आलेल्या जिभा त्या शब्दागणिक सरळ करायच्या. मीही त्यांतली. त्या जिना चढत होत्या, हातात फक्त वही होती. वरून दुसरी पायरी एका बाजूने खाली गेली. आवाज मोठा झाला नाही. त्या उजव्या हातावर पडल्या आणि सगळ्यात आधी म्हणाल्या, वही फाटली नाही ना. मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं.

संध्याकाळी मंडळात सगळे जमले. गेंदालालला बोलावणं गेलं. चिटणीस वाईट माणूस नव्हते, पण घाबरले होते आणि घाबरलेला माणूस कोणाकडे तरी बोट दाखवतो. “नाव लिहून घेतलंय की त्याने,” ते म्हणाले. “नाव पाहिजे होतं ना? हे घ्या.” कोणी तरी मागून म्हणालं, भंगारातलं लोखंड लावलं असणार. बाबा उठून बोलायला लागले की चौकशीशिवाय कामगाराला दोषी धरू नका. एवढ्यात गेंदाभिया आला. आडव्या पडलेल्या जिन्याशी उकिडवा बसला, तुटलेल्या सांध्यावर नख फिरवलं. लाल रंगाखालून काळी खपली पोपड्यासारखी सुटून त्याच्या बोटावर आली. त्याने ती अंगठ्याने चुरली. मग मान वर करून मला शोधलं. मी खांबाजवळ उभी होते. त्या नजरेत राग असता तर मी बोलले असते, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. तो फक्त विचारत होता आणि मी खाली पाहिलं.

“काम मेरी दुकान का है,” तो उठत म्हणाला. “नाम लिखा तो है।”

घरी आल्यावर बाबांनी विचारलं, “वसू, तू रोज तिथे होतीस. काय झालं असेल?”

“मला काय माहीत,” मी म्हटलं. “मी नुसती बघायचे.”

आईने स्वयंपाकघरातून माझ्याकडे पाहिलं. माझ्या मनगटावरचे ठिणग्यांचे डाग तिनेच खोबरेल लावून बरे केले होते. ती काही बोलली नाही आणि ते तिने माझ्यासाठी केलं की घरासाठी, हे मी तिला कधी विचारू शकले नाही.

दुसऱ्या दिवशी बाबांनी गेंदालालच्या बाजूने पत्रक लिहिलं. कारागिराला एकट्याला पकडू नका, त्याला काम किती घाईत करावं लागलं ते विचारा, तपासणी कोणाची होती ते विचारा. इतकं चांगलं पत्रक त्यांनी आधी लिहिलं नव्हतं. आणि नेहमीप्रमाणे स्टेन्सिल माझ्यापुढे ठेवलं. मी ते कोरलं. त्या दिवशी एकही चूक झाली नाही, लाल बाटली उघडावीच लागली नाही. रूळ खडप खडप फिरत होता आणि मी दोनशे वेळा माझ्याच अक्षरात वाचत होते की सत्य बाहेर आलं पाहिजे.

उत्सव झाल्याबरोबर मी धारला मामांकडे गेले, अभ्यासाचं निमित्त काढून. तिथे सगळे ‘आपण जेवलात का’ अशा भाषेत बोलायचे, कोणी काही विचारत नसे, आणि त्या अदबीचा मला पहिल्यांदाच आधार वाटला. मामांनी गच्चीला नवा कठडा बसवला होता. संध्याकाळी सगळे त्याला टेकून उभे राहायचे. मी मधोमध उभी राहायचे. मामी म्हणायच्या, उंचीची भीती वाटते वाटतं हिला.

मी परत त्या दुकानात गेले नाही. कॉलनीतली कामं तिथे जायची थांबली. दोनेक वर्षांत टिनाचं शटर बंद झालं आणि कळलं की तो बहिणीच्या गावी धरमपुरीला गेला. तोवर तयार जाळ्या विकणारी मोठी दुकानं निघाली होती, तो तसाही गेला असता कदाचित. हे वाक्य मी अनेकदा लिहून पाहिलं आहे. ते खरं असेल, पण माझ्या तोंडी ते शोभत नाही. कमलकाकूंची बोटं पुन्हा पुरती पसरली नाहीत. त्या गाऊन शिकवत राहिल्या, पेटी दुसरं कोणी धरायचं.

धारच्या कॉलेजात शिकवू लागल्यावर, नव्या शतकाच्या सुरुवातीला, मी एकदा धरमपुरीला गेले. नर्मदेच्या काठावर तो पालथ्या घातलेल्या नावेच्या लोखंडी पत्र्याला ठिगळ जोडत होता. केस पांढरे झाले होते. मला ओळखायला त्याला वेळ लागला नाही. पहिला प्रश्न काकूंच्या हाताचा. मग त्याने माझ्या हातात हातोडी दिली आणि ठिगळाकडे बोट दाखवलं. मी ठोकलं. सांधा टणकन वाजला, घाटावरची दोन माणसं वळून बघू लागली. मी जे पाठ करून आले होते ते बोलले, सगळं, फुंकरीसकट. तो पत्र्यावर हात फिरवत ऐकत होता.

“मेरे को क्यूं बता रही हो?” तो म्हणाला. “मेरे को तो उसी दिन मालूम था। जिनको नी मालूम, उनको बताओ।”

मी हो म्हटलं. त्याला दिलेला हा माझा दुसरा खोटा होकार. तेव्हा बाबा जिवंत होते आणि गेंदालालच्या बाजूचं ते पत्रक त्यांनी फायलीत सगळ्यात वर ठेवलं होतं, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचे. काकूही होत्या. आता दोघं नाहीत, आई नाही, गेंदालाल गेल्याचं मागच्याच वर्षी कळलं. ज्यांच्या तोंडावर सांगायला हवं होतं ते सगळे गेल्यावर मी लिहिते आहे, तेव्हा याला कोणी धाडस म्हणू नये. मला प्रतिष्ठेचे, सत्याचे शब्द कधी कमी पडले नाहीत. तोंडात होते तितके ते हातात नव्हते, एवढंच.

परवा देवासहून एक विद्यार्थिनी आली होती. ती म्हणाली, मंडळाच्या मागच्या खोलीत तो जिना अजून आहे, दुसऱ्या कोणाकडून दुरुस्त करून घेतलेला, आणि बाजूचं नाव पुसट वाचता येतं. जुनी माणसं पोरांना तो दाखवून सांगतात, नीट चढा, हा त्या गेंदालालचा.

म्हणून माझं एक काम करा. तुम्ही देवासचे असाल, किंवा तिथे तुमचं कोणी असेल, तर हे प्रकरण त्यांना मोठ्याने वाचून दाखवा. तिथल्या पोरांना मराठी वाचायला जड जातं, त्यांना हिंदीत सांगा. मग त्या खोलीत जा, सोबत टोकदार हातोडी न्या, पांढरी अक्षरं लोखंडापर्यंत खरवडा. त्यांवर रंग फासू नका. आणि तिथे जो कोणी उभा असेल त्याला सांगा, की तुटलेला सांधा वसूचा होता, टिकलेले सगळे गेंदालालचे.